किस्तबंदी आणि डिक्री

सौंसर-पांढुर्णा भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी हमखास सापडते. तिच्यात लग्नपत्रिका असतात, जन्मपत्रिका असतात आणि अगदी तळाशी कागदांची एक जुडी असते. तीत कुठे मोडीतला रोखा, कुठे मराठीतली पावती, कुठे हिंदीतली नोटीस, तर कुठे इंग्रजी शिक्क्याची कोर्टाची नक्कल. घरातली म्हातारी माणसे ही जुडी सोडत नसत आणि फेकूही देत नसत. माझ्या लहानपणी या कागदांविषयी बोलणे निघाले की दोन शब्द आवाज खाली करून उच्चारले जात. एक किस्तबंदी आणि दुसरा डिक्री.

किस्तबंदी म्हणजे कर्ज हप्त्याहप्त्याने फेडण्याचा ठराव. डिक्री म्हणजे पैसे द्या, असा कोर्टाने केलेला हुकूमनामा. पहिला शब्द आशेचा आणि दुसरा धास्तीचा. पण हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी आले तर काय करायचे? चार सावकारांपैकी तिघांशी हप्ते ठरले, पहिला हप्ता भरलाही, आणि चौथ्याने कोर्टातून डिक्री आणली. आता पीक कोणाचे? ठरावाप्रमाणे तिघांचे, की डिक्रीप्रमाणे चौथ्याचे?

प्रश्न वकिली वाटेल, पण रामाकोन्याच्या बाजारातून सरकी किंवा बियाणे उधार आणणाऱ्या कास्तकाराला तो पोटाचा प्रश्न होता. या प्रश्नाला एका काळी आपल्याच प्रांताने, नागपूरच्या कौन्सिलात बसून, एक उत्तर शोधले होते. ते उत्तर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इतर प्रांतांनी पुढे उचलले. ती हकीकत आज फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

झेरघाटातले कर्ज

जुन्या दप्तरांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग सांगितले आहेत. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो झेरघाट. आपला सौंसर तालुका झेरघाटात येतो. कन्हान आणि जाम नद्यांचे खोरे, काळी माती, पऱ्हाटी आणि ज्वारी, घरात मराठी. घाटावर गहू पिके आणि भाषा हिंदी. सौंसर, रामाकोना, लोधीखेडा, मोहगाव, पांढुर्णा ही गावे कारभाराने छिंदवाड्याची, पण बाजाराने आणि सोयरिकीने नागपूरची. बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची गाडी नागपूरहून निघून सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी थांबत घाट चढे आणि छिंदवाड्याला पोचे. ती गाडी २०१५ साली रुळ रुंद करण्यासाठी बंद झाली. तिने अनेक वर्षे इथला माल खाली नेला आणि कोर्टाच्या तारखाही करवल्या.

कापूस हे रोकड पीक. रोकड पिकाबरोबर कर्जही रोकड होते. मालगुजाराचा सारा रोख, बियाण्याची उधारी मात्र धान्यात. ही उधारी सवाईने किंवा दिढीने फेडायची. म्हणजे पायली घेतली तर सुगीला सव्वा पायली, नाहीतर दीड पायली. पाऊस चांगला झाला तर हे अंगावर येत नसे. एक साल बुडाले की सवाईवर सवाई चढे आणि धान्याच्या उधारीचा पुढे रोखा होई. सावकार नेहमी परगावचाच असे असेही नाही. गावचा मालगुजार, बाजारातला दुकानदार, शेजारचा सधन कास्तकार, असे तिघेही एकाच घराचे धनको असत. गंमत अशी की एकाला दुसऱ्याचा आकडा ठाऊक नसे.

एका बाबतीत आपल्याकडची रयत दक्षिणेतल्या रयतेपेक्षा सुरक्षित होती. मध्य प्रांतातल्या कूळकायद्याने वहिवाटदार कुळाची जमीन कोर्टाच्या डिक्रीत विकता येत नसे. मालगुजाराचा हिस्सा विकता येई, मलिक-मकबुजाची जमीन विकता येई, साध्या कुळाचे वावर विकता येत नसे. आदिवासींच्या जमिनीसाठी १९१६ साली वेगळा कायदाही झाला. पण वावर वाचले तरी वावरातले पीक वाचत नसे. उभ्या पिकावर जप्ती बसे, आणि ती बसे बरोबर वेचणीच्या तोंडावर. वर्षभराची मेहनत झाडावर पांढरी झालेली असताना बेलीफ बांधावर उभा राही.

मग १९२९ नंतरची मंदी आली. कापसाचा भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला. कर्जाचा आकडा मात्र कागदावर होता तेवढाच राहिला. ज्या शंभर रुपयांसाठी पूर्वी एक गाडी कापूस पुरे, त्यांच्यासाठी आता दोन गाड्या लागू लागल्या. त्या सुमारास नेमलेल्या बँकिंग चौकशी समितीने मध्य प्रांत-वऱ्हाडचे ग्रामीण कर्ज सुमारे ३६ कोटी रुपये धरले होते. धनकोंनाही घाई झाली. जो आधी कोर्टात जाईल तो आधी वसूल करील, हे प्रत्येकाला कळत होते. त्यामुळे थांबायला तयार असलेला सावकारही थांबेना.

डिक्रीची ताकद कुठे असते

इथे थोडे थांबून डिक्री म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कोर्टाचा निकाल झाला म्हणजे पैसे आपोआप वसूल होत नाहीत. डिक्री मिळालेल्या धनकोला पुन्हा कोर्टात दरखास्त द्यावी लागते. त्यानंतर जप्ती, लिलाव किंवा ऋणकोची अटक यांपैकी एक मार्ग निघतो. डिक्रीला बारा वर्षांचे आयुष्य असते. म्हणून एकदा झालेली डिक्री दोन वर्षे गप्प बसली, तरी ती मेली असे समजू नये.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ऋणकोला काही आडोसे दिले होते आणि ते आजही आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा रूढीने अंगावेगळा न होणारा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती लागणारी जनावरे व बियाणे आणि त्याचे राहते घर, यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या डिक्रीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. १९३६ साली आणखी एक दुरुस्ती झाली. ऐपत असूनही जो देत नाही किंवा माल दडवतो त्यालाच तुरुंग दाखवावा, केवळ गरीब आहे म्हणून नव्हे. याच तत्त्वाला १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी भक्कम केले.

आता हप्त्यांकडे वळू. निकाल देतानाच कोर्ट स्वतःहून हप्ते बांधून देऊ शकते. पण निकाल झाल्यावर हप्ते मागायचे असतील तर डिक्रीदाराची संमती लागते. मेख इथेच आहे. गावातली माणसे कोर्टाच्या आवारात बोलत नाहीत, निकालानंतर पारावर बोलतात. 'बरं, पोळ्यानंतर वीस, होळीला वीस' असे ठरते, पैसे दिले जातात, चहा होतो आणि कागद होत नाही. कायदा मात्र असे सांगतो की डिक्रीपोटी कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली पाहिजे. ती नोंद झाली नसेल तर दरखास्त चालवणारे कोर्ट ती रक्कम दिली असे मानतच नाही. वीस-वीस करून अर्धे कर्ज फेडलेल्या माणसावर पूर्ण रकमेची जप्ती यावी, ही गोष्ट कायद्याने शक्य होती. सावकार दुष्टच असला पाहिजे असे नाही. तो वारला, मुलाने चोपडी उघडली आणि चोपडीत नोंद नसली, एवढेही पुरे.

पुण्याकडचा धडा

या दुखण्यावर पहिला मोठा औषधोपचार आपल्याकडे नव्हे, पुणे-नगरकडे झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. ठिकठिकाणी रोखे, चोपड्या आणि डिक्रीचे कागद जाळले गेले. माणसांना फारशी इजा न करता लोकांनी कागदच जाळले, कारण आपली मान त्या कागदात अडकली आहे हे त्यांना बरोबर कळले होते.

या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनचा शेतकरी कायदा आला. या कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती होते ते पाहता येऊ लागले. शेतकऱ्याला कर्जापायी होणारी अटक बंद झाली आणि कोर्टाला डिक्रीची रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा हुकूम करता येऊ लागला. फायदा झाला, पण एक गोष्ट तशीच राहिली. हे कोर्ट एका वेळी एकाच सावकाराचा दावा पाही. त्याच शेतकऱ्याचे आणखी तीन धनको काय करताहेत, याच्याशी त्या दाव्याचा संबंध नसे. एका दाव्यात हप्ते बांधून मिळाले तरी दुसऱ्या दाव्याची जप्ती ते हप्ते मोडून टाकू शके.

अगदी वेगळा मार्ग काठेवाडातल्या भावनगर संस्थानाने १९३० च्या सुमारास काढला. दिवाण प्रभाशंकर पट्टणी यांच्या कारकिर्दीत संस्थानाने सर्व कर्जांची एकत्र मोजणी केली. सुमारे ८६ लाखांची कर्जे सुमारे २० लाखांत मिटवून धनकोंना एकरकमी पैसे दिले आणि शेतकऱ्यांकडून आपली रक्कम हळूहळू वसूल केली. त्यामुळे धनको अनेक उरलेच नाहीत, एक संस्थान तेवढे उरले. पण त्यासाठी खजिन्यात पैसा लागतो आणि राजाची इच्छा लागते. मध्य प्रांताच्या सरकारकडे मंदीच्या काळात तेवढा पैसा नव्हता.

नागपूरचा तोडगा

अशा वेळी १९३३ साली नागपूरला मध्य प्रांत कर्ज तडजोड कायदा मंजूर झाला. ब्रिटिश प्रांतांत या धर्तीचा हा पहिला कायदा. पुढच्याच वर्षी पंजाबने आपल्या कायद्यात त्याचा साचा घेतला आणि नंतर बंगाल, मद्रास या प्रांतांनीही तडजोड मंडळे काढली. सरकारने ठरावीक भागासाठी मंडळ नेमायचे. त्यात एक अध्यक्ष आणि दोन किंवा अधिक सभासद. ज्याचे पोट मुख्यतः शेतीवर आहे असा ऋणको, किंवा त्याचा एखादा धनको, मंडळाकडे अर्ज करी. मंडळ सर्व धनकोंना नोटीस देई आणि आपापले येणे लेखी दाखल करायला सांगे.

यात तीन गोष्टी विशेष होत्या.

पहिली अशी की 'कर्ज' या शब्दात कोर्टाच्या डिक्रीखालचे देणेही धरले होते. म्हणजे निकाल झाला म्हणून ते कर्ज तडजोडीबाहेर गेले असे होत नसे. जमीनमहसूल आणि मजुरी एवढी मात्र बाहेर होती. सरकारने आपला सारा बाजूला काढून घेतला होता, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी अशी की नोटीस मिळूनही मुदतीत जो धनको आपले येणे दाखल करणार नाही, त्याचे कर्ज फिटले असे समजले जाई. चार धनकोंचे आकडे एका टेबलावर यावेत यासाठी ही कडक अट होती. गावात पहिल्यांदाच एका माणसाचे सगळे देणे एका कागदावर दिसू लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. एकूण कर्जापैकी निदान ४० टक्के कर्जाचे धनको तडजोडीला तयार झाले की लेखी करार होई, सर्वांना वाचून दाखवला जाई आणि नोंदवला जाई. जो धनको वाजवी देकार नाकारील, त्याच्याविरुद्ध मंडळ ऋणकोला एक दाखला देऊ शके. त्या धनकोला कोर्टात जायला बंदी नव्हती. पण कोर्ट त्याला दाव्याचा खर्च देत नसे आणि दाखल्याच्या तारखेपासून सालिना शेकडा सहापेक्षा जास्त व्याजही देत नसे, तेही सरळव्याज. आणि तो विनातारण धनको असेल, तर करारातल्या सर्व रकमा फिटेपर्यंत त्याच्या डिक्रीची बजावणी होत नसे.

म्हणजे डिक्री खोटी ठरली नाही, रद्दही झाली नाही. तिला फक्त रांगेत शेवटी उभे केले.

एक हिशेब

हे नीट कळावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. माणूस कल्पनेतला आणि आकडेही सोयीचे. समजा, १९३४ साली रामाकोन्याच्या एका कास्तकाराचे देणे १,००० रुपये आहे. मालगुजाराचे ५००, बियाण्याच्या दुकानदाराचे ३०० आणि कापडवाल्याचे २००. तारण कोणाकडेच नाही.

मंडळापुढे मालगुजार ५०० चे ३०० घ्यायला तयार होतो आणि दुकानदार ३०० चे १८०. दोघांचे मिळून ४८० रुपये सहा वर्षांत, दरसाल ८० रुपये. कराराला आलेल्या धनकोंचे कर्ज १,००० पैकी ८०० आहे. म्हणजे ४० टक्क्यांची अट सहज पुरी होते. कापडवाला मात्र म्हणतो, मला पूर्ण हवेत. मंडळ कास्तकाराला दाखला देते. कापडवाला कोर्टात जातो आणि २०० ची डिक्री मिळवतो.

जुन्या कायद्यात काय झाले असते? पहिल्याच दिवाळीला त्याने उभी पऱ्हाटी जप्त केली असती. मालगुजाराचा आणि दुकानदाराचा हप्ता चुकला असता. आपण समजूतदारपणा दाखवला आणि अडून बसलेला पैसे घेऊन गेला, असे पाहून तेही कोर्टात धावले असते. सहा वर्षांचा ठराव सहा महिन्यांत मोडला असता.

नव्या कायद्यात कापडवाल्याची डिक्री कपाटात राहते. सहा वर्षे तिच्यावर शेकडा सहाने दरसाल १२ रुपये, एकूण ७२ रुपये सरळव्याज चढते. सातव्या वर्षी त्याचे येणे २७२ होते आणि तेव्हा त्याला दरखास्त देता येते. म्हणजे तो बुडाला नाही, पण घाई करून पुढेही गेला नाही. आकड्याने पाहिले तर थांबणाऱ्याला कमी मिळाले आणि अडणाऱ्याला जास्त. पण थांबणाऱ्याला ते वेळेवर आणि खात्रीने मिळाले, आणि मंदीच्या काळात मोल खात्रीचेच होते.

या कायद्याने धनकोंना चांगुलपणा शिकवला नाही. घाई करण्यातला फायदा तेवढा काढून घेतला. माझ्या मते त्याचे शहाणपण एवढेच आणि ते लहान नाही. हप्त्यांचा ठराव कर्जाच्या ओझ्याने मोडतोच असे नाही. बरेचदा तो ठरावाबाहेर राहिलेल्या एका माणसाने मोडतो.

कायद्याची दुसरी बाजू

इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऋणकोने ठरलेला हप्ता चुकवला तर ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. म्हणजे बेलिफाच्या जागी तहसीलदाराचा माणूस दारात येई. महसुलाच्या वसुलीचा धाक आपल्या भागात दिवाणी जप्तीपेक्षा कमी कधीच नव्हता. आणि तहसिलीतूनही ती रक्कम वसूल होण्यासारखी नाही असे ठरले तर करारच संपे. करार संपला की रांग मोडली, आणि रांगेत थांबलेली डिक्री मोकळी झाली. म्हणून न झेपणारा हप्ता कबूल करणे हे मुळीच कबूल न करण्यापेक्षा वाईट होते. मंडळासमोर मान राखण्यासाठी 'देतो साहेब, ऐंशी देतो' म्हणणारा आणि घरी येऊन चाळीसच जमवू शकणारा कास्तकार आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आजही बँकेच्या टेबलापुढे दिसतो.

दुसरी अडचण अधिक खोल होती. करारानंतर घेतलेल्या नव्या कर्जाची डिक्रीसुद्धा करार फिटेपर्यंत बजावता येत नसे. ऋणकोच्या रक्षणासाठी हे बरोबरच होते. पण मग मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी त्याला नवे पन्नास रुपये कोण देणार? ज्याला सहा वर्षे वसुली करता येणार नाही असा धनको हात आखडता घेणारच. जी भिंत जुन्या सावकाराला बाहेर ठेवी, तीच नव्या उधारीलाही बाहेर ठेवी. सरकारने जुने कर्ज बांधून दिले, पण नव्या पेरणीचा पैसा कोठून यावा याची तजवीज तेवढ्याच जोमाने केली नाही. सहकारी पेढ्या होत्या, पण मंदीने त्यांचेही कंबरडे मोडले होते.

तडजोड खुशीची होती, हीही तिची मर्यादा. ४० टक्क्यांचे धनको तयार झालेच नाहीत तर मंडळ हात जोडून मोकळे. म्हणून १९३७ नंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर कायदा एक पाऊल पुढे गेला. १९३९ च्या मध्य प्रांत-वऱ्हाड ऋण-निवारण कायद्याने कर्ज निवारण कोर्टे काढली. या कोर्टांना धनकोच्या संमतीवाचून कर्ज कमी करण्याचा आणि हप्ते बांधण्याचा अधिकार मिळाला. समजुतीच्या जागी हुकूम आला.

याच काळातला आणखी एक कायदा आपल्या घरातल्या कागदांशी जास्त जवळचा आहे. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर हिशेब नीट ठेवण्याची आणि ऋणकोला दरसाल खात्याचा उतारा देण्याची जबाबदारी टाकली. हिशेब दिला नाही तर कोर्ट व्याज कापू शके. माळ्यावरच्या जुडीत एखादा सावकाराचा सालवार उतारा सापडला, तर तो या कायद्याचा प्रसाद समजावा.

१९५६ नंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा सौंसर तालुक्यासह मध्य प्रदेशात राहिला. तोवर १९३६ साली स्थापन झालेले नागपूरचे हायकोर्ट आपले हायकोर्ट होते. सकाळच्या गाडीने जाऊन वकिलाला भेटता येई. त्या दिवसापासून आपले हायकोर्ट जबलपूर झाले. बाजार नागपूरचा, मुलीचे सासर सावनेरचे, निकाल मात्र जबलपूरचा. कागदाची भाषाही बदलली. मराठीत ज्याला जप्ती म्हणत ती 'कुर्की' झाली, हप्ता 'किश्त' झाला, वादी-प्रतिवादी यांच्याबरोबर 'निर्णीत ऋणी' हा शब्द आला. जिच्या नवऱ्याने सही केली त्या घरच्या बाईला तर आपल्या घरावर नेमके काय आले आहे हे शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे लागले.

सीमा आली तशी कर्जाचे कायदेही दोन झाले. १९७५ साली देशभर ऋणमुक्तीचे कायदे झाले तेव्हा मध्य प्रदेशचा वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा. २००८ ची कर्जमाफी केंद्राची, म्हणून दोन्हीकडे सारखी. पण महाराष्ट्राच्या २०१७ आणि २०१९ च्या योजना सीमेपलीकडच्या भावाला, आणि मध्य प्रदेशची २०१८ ची योजना अलीकडच्या भावाला. संत्र्याची झाडे दोघांचीही त्याच मातीतली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर-रामाकोना त्यात आले. जिल्ह्याचे ठिकाण बदलले तरी कर्जाचे तत्त्व तेच राहिले.

आज या इतिहासाचे काय करायचे

१९३३ ची मंडळे आज नाहीत. म्हणून वाचकांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आज तिघांशी हप्ते ठरले आहेत एवढ्याने चौथ्याची डिक्री थांबत नाही. बँकेशी, सोसायटीशी किंवा दुकानदाराशी झालेला आपसांतला ठराव त्या दोघांपुरताच असतो. मग जुन्या हिकमतीतले काय हाती उरते?

पहिले म्हणजे समन्स आले की हजर राहणे. हप्ते चालू आहेत, आता कोर्टात कशाला जायचे, असे म्हणून माणूस घरी बसतो आणि एकतर्फी निकाल होतो. निकाल देण्याआधी कोर्ट स्वतःहून हप्ते बांधून देऊ शकते. निकालानंतर मात्र डिक्रीदाराची मर्जी लागते. म्हणजे हप्ते मागायची खरी वेळ निकालाच्या आधीची आहे. तेव्हा आपली बाकीची देणी आणि चालू हप्ते यांचा तक्ता कोर्टापुढे ठेवावा. १९३३ च्या मंडळानेही पहिले काम हेच केले होते. सगळे आकडे एका कागदावर आणले होते.

दुसरे, डिक्रीनंतर दिलेला प्रत्येक पैसा दिसला पाहिजे. कोर्टात भरावा, नाहीतर मनीऑर्डरने किंवा बँकेतून द्यावा. हातात दिला तर लेखी पावती घ्यावी. आणि तो डिक्रीपोटी मिळाला अशी कोर्टात नोंद करून घ्यावी. डिक्रीदार नोंदवत नसेल तर ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. १९६३ च्या मुदत कायद्यात त्यासाठी तीसच दिवस आहेत. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर तोंडी साक्षीवर 'मी पैसे दिले' हे सहसा ऐकलेच जात नाही. पारावरच्या चहाला कोर्टात पुरावा मानत नाहीत.

तिसरे, लोक अदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या डिक्रीइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. तिथे कबूल केलेला हप्ता हा नुसता शब्द नसतो. म्हणून जुन्या मंडळापुढच्या कास्तकाराची चूक तिथे करू नये. झेपेल तेवढेच बोलावे, लाज वाटली तरी.

माळ्यावरच्या पेटीकडे परत येतो. त्या जुडीतला एखादा कागद आपल्या आज्या-पणज्याची नामुष्की आहे असे समजून आपण तो उलगडत नाही. पण तो कागद नोंदवलेल्या कराराचा असेल, तर त्याचा अर्थ वेगळा होतो. कोणी तरी एके काळी आपली सगळी देणी चार लोकांसमोर मोजून दाखवली, कमी का होईना पण फेडीन असे लिहून दिले आणि घाई करणाऱ्याला थांबायला लावले. हप्त्यांच्या पावत्या त्याच जुडीत असतील तर त्याने ते पाळलेही. हे कागद भिजू देऊ नयेत. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत, त्यांच्याकडून ते एकदा वाचून घ्यावेत. आणि आजच्या आपल्या पावत्याही त्याच पेटीत, तारखेवार लावून ठेवाव्यात.